दुखायचे थांबले, म्हणजे बरे झाले का?

फुटबॉलच्या मैदानावर एक दृश्य वारंवार दिसते. एखादा खेळाडू भरधाव धावत असतो. त्याच्या आसपास प्रतिपक्षाचा कोणी नसतो. कोणी त्याला ढकललेले नसते, की तो कशाला अडखळलेलाही नसतो. आणि एकाएकी, पाठीमागून गोफणीचा दगड बसावा तसा त्याचा हात मांडीच्या मागच्या बाजूस जातो, दोनचार पावले तो लंगडतो आणि खाली बसतो. प्रेक्षकांपैकी कोणी म्हणतो, 'पायात गोळा आला'; कोणी म्हणतो, 'शीर आखडली'. खेळाडू बाहेर जातो, बदली खेळाडू आत येतो आणि सामना पुढे चालू होतो. ज्याला बाहेर जावे लागले, त्याच्यापुढे मात्र एकच प्रश्न उभा राहतो : आता मी पुन्हा कधी खेळणार? श्रोतेहो, या प्रश्नाचे खरे उत्तर काय, आणि ते घाईने दिले तर काय घडते, याचा विचार आज करावयाचा आहे.

महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड म्हटले की कोल्हापूरचे नाव आधी येते. कुस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या या नगरीत तालमींनीच फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही संघांची नावे मुळात तालमींचीच नावे आहेत. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला, की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात आणि संघाचा पराभव हा साऱ्या गल्लीचा पराभव मानला जातो. या संघांतील कितीतरी खेळाडू नोकरी, शिक्षण किंवा छोटा धंदा सांभाळून खेळतात. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळला, तेव्हा या मैदानावरून किती दूर जाता येते हेही दिसून आले. अशा ठिकाणी मांडी दुखावलेल्या खेळाडूवर केवढे दडपण येत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. अंतिम सामना दहा दिवसांवर आहे, पेठ वाट पाहत आहे, आणि चौथ्या दिवशी दुखणे कमी झालेले आहे. अशा वेळी 'थांब' म्हणणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

प्रथम हा अवयव समजून घेऊ. इंग्रजीत याला हॅमस्ट्रिंग म्हणतात. 'हॅम' म्हणजे गुडघ्यामागचा खळगा, ज्याला आपण लवण म्हणतो, आणि 'स्ट्रिंग' म्हणजे दोरी. खुर्चीवर बसून टाच जमिनीत रोवली आणि गुडघ्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटे लावली, तर ताठ झालेल्या या दोऱ्या हाताला लागतात. त्या दोऱ्या म्हणजे कंडरा. त्यांच्या वर मांडीच्या मागच्या भागात तीन मोठे स्नायू आहेत. दोन आतल्या बाजूचे आणि एक बाहेरच्या बाजूचा. बाहेरच्या स्नायूला दोन शिरे असतात. त्याचे आखूड शीर सोडले, तर हे सारे स्नायू वर बैठकीच्या हाडापासून, म्हणजे बसताना ज्याच्यावर आपला भार येतो त्या हाडापासून निघतात आणि गुडघा ओलांडून खाली पायाच्या हाडांना मिळतात. म्हणजे ते दोन सांध्यांवरून जातात. कंबरेपाशी मांडी मागे ओढणे आणि गुडघा वाकवणे ही दोन्ही कामे त्यांच्याकडे आहेत. एका नोकराला दोन धनी असावेत, तशी त्यांची स्थिती आहे. आणि दोन्ही धन्यांनी एकाच क्षणी उलट आज्ञा दिल्या, की ताण असह्य होतो.

हा क्षण वेगाने धावताना दर पावलाला येतो. पाय पुढे फेकला जातो, मांडी वर उचललेली असते आणि गुडघा झपाट्याने सरळ होत असतो. पाऊल जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी या पुढे झेपावणाऱ्या पायाला आवर घालावा लागतो. तो आवर मागचे स्नायू घालतात. भरलेली कळशी माडीवरून दोराने खाली सोडताना हात जसे दोर सोडतही असतात आणि धरूनही ठेवतात, तसे हे स्नायू त्या क्षणी लांबतही असतात आणि जोरही लावत असतात. कळशी वर ओढण्यापेक्षा ती सावकाश खाली सोडतानाच दोर हातातून निसटण्याची भीती अधिक. स्नायूचेही तसेच आहे. आखडताना तो सहसा फाटत नाही. लांबत असताना जोर लावावा लागला, म्हणजे त्याचे तंतू तुटतात. धावताना झालेल्या इजेत बाहेरच्या स्नायूचे लांब शीर सर्वांत जास्त वेळा सापडते. दुसऱ्या प्रकारची इजा उंच लाथ मारताना किंवा पाय फार फाकल्याने होते. तिच्यात बैठकीच्या हाडाजवळची कंडरा दुखावते. गंमत अशी, की ही दुसरी इजा पहिल्या दिवशी किरकोळ वाटते आणि बरी होण्यास मात्र पहिलीपेक्षा पुष्कळ अधिक काळ घेते. म्हणजे प्रारंभीच्या वेदनेवरून पुढचा काळ मोजता येत नाही, हा पहिला धडा येथेच मिळतो.

ही इजा किती सर्रास आहे? इंग्लंडच्या व्यावसायिक संघांची १९९७ पासून दोन मोसम पाहणी झाली. तीत दर संघाला दर मोसमात सरासरी पाच अशा इजा झाल्या आणि त्यांपायी खेळाडूंचे मिळून नव्वद दिवस व पंधरा सामने बुडाले, असे आढळले. त्यांतील जवळजवळ निम्म्या इजा प्रत्येक अर्धाच्या अखेरच्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे खेळाडू थकलेला असताना झालेल्या होत्या. युरोपातील बड्या क्लबांची जी नोंद २००१ पासून ठेवली जात आहे, तिच्यानुसार २००१-०२ च्या मोसमात एकूण इजांपैकी सुमारे १२ टक्के या स्नायूंच्या होत्या. २०२१-२२ च्या मोसमात हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. उत्तम वैद्य, उत्तम यंत्रे आणि मुबलक पैसा हाताशी असूनही इजा दुपटीने वाढाव्यात, हे विचार करण्याजोगे आहे. खेळाचा वेग वाढला, सामने वाढले, आणि दोन सामन्यांमधली विश्रांती कमी झाली, अशी त्याची कारणे तज्ज्ञ सांगतात.

आता दिवसांच्या हिशेबाकडे वळू. एमआरआय या यंत्राने स्नायूच्या आतले चित्र दिसते आणि त्यावरून इजेच्या चार पायऱ्या मानतात. युरोपातील क्लबांच्या खेळाडूंची अशी चित्रे घेऊन ते किती दिवसांनी खेळू लागले, याचा हिशेब २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रात काहीच बिघाड दिसला नाही, असे खेळाडू सरासरी ८ दिवसांत परतले. नुसती सूज दिसली, त्यांना १७ दिवस लागले. काही तंतू तुटलेले दिसले, त्यांना २२ दिवस. आणि स्नायू किंवा कंडरा पुरती तुटलेली असली, तर ७३ दिवस लागले. परंतु सरासरी ही फसवी गोष्ट आहे. दुसऱ्या पायरीवर १७ दिवसांची सरासरी असली, तरी कोणी आठवड्यात परतला, तर कोणाला महिना लागला. शेवटच्या पायरीवर तर हा फरक महिन्यांचा होता. तेव्हा 'तीन आठवड्यांत बरा होशील' असे कॅलेंडरकडे पाहून सांगणारा माणूस सरासरी सांगत असतो. समोरच्या मुलाच्या मांडीविषयी तो काही सांगत नसतो.

याची एक प्रसिद्ध साक्ष इंग्लंडच्या मायकेल ओवेनची आहे. १९९९ च्या एप्रिल महिन्यात लीड्सविरुद्ध लिव्हरपूलकडून खेळताना या एकोणीस वर्षांच्या मुलाची मांडीमागची कंडरा तुटली आणि त्याचा तो मोसम तेथेच संपला. पुढे २००१ साली तो युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला, हे खरे. परंतु ती जुनी धाव आपल्याला पुन्हा कधी पुरती लाभली नाही, असे त्याने स्वतःच नंतर सांगितलेले आहे. आपल्या जवळचे उदाहरण क्रिकेटमधले आहे. मुंबईचा रोहित शर्मा १८ ऑक्टोबर २०२० रोजी दुबईत सामना खेळताना असाच जायबंदी झाला. १६ दिवसांनी तो पुन्हा मैदानात उतरला आणि १० नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात त्याने ६८ धावाही केल्या. तथापि त्यानंतर त्याला बेंगळूरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत जावे लागले. पूर्ण तंदुरुस्त असल्याचा दाखला त्याला ११ डिसेंबरला मिळाला आणि कसोटी सामना तो खेळला तो ७ जानेवारी २०२१ रोजी, सिडनीत. खेळता येणे आणि पूर्ण बरे होणे या दोन घटनांमध्ये किती अंतर असू शकते, ते या तारखाच सांगतात.

हे अंतर का पडते? जखम भरण्याचे काम शरीर तीन टप्प्यांत करते. पहिल्या काही दिवसांत रक्त साकळते, सूज येते आणि मेलेले तंतू दूर केले जातात. पुढच्या काही आठवड्यांत नवे तंतू उगवतात आणि त्यांना सांधणारा व्रणाचा भाग तयार होतो. तिसऱ्या टप्प्यात ही नवी जोडणी ओढीच्या दिशेने मांडली जाऊन बळकट होते आणि हे काम कित्येक महिने चालते. वेदना बहुधा पहिल्याच टप्प्याबरोबर ओसरते. भिंतीचा गिलावा वरून वाळलेला दिसतो, पण आत ओल असते. त्या वेळी खिळा ठोकला तर पोपडा निघतो. मांडीचे नेमके असेच होते. युरोपातील नोंदीप्रमाणे या इजांपैकी सुमारे १८ टक्के पुन्हा उद्भवलेल्या असतात आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक खेळाडू परतल्यापासून दोन महिन्यांच्या आतच उद्भवतात. ज्याला एकदा ही इजा झाली, त्याला ती पुन्हा होण्याचा संभव अधिक, ही या विषयातील सर्वांत पक्की गोष्ट होय.

समजा, एका पेठेच्या संघातला एकवीस वर्षांचा मुलगा आहे. उपांत्य सामन्यात त्याची मांडी दुखावली. चौथ्या दिवशी तो सरळ चालू लागला, सातव्या दिवशी हळू धावला. दहाव्या दिवशी वेदनाशामक सुई टोचून घेऊन तो अंतिम सामन्यात उतरला. सुईने वेदना गेली, पण वेदना ही पहारेकऱ्याची हाक होती. पहारेकऱ्याला झोपवल्याने चोर थोडाच परत जातो! साठाव्या मिनिटाला त्याने एकच जोराची धाव घेतली आणि तो कोसळला. आता इजा पहिल्यापेक्षा मोठी आहे, मोसम संपलेला आहे, आणि खेळाडूंसाठी राखलेल्या नोकरीची निवडचाचणी त्याने गमावलेली आहे. पेठ हळहळेल, परंतु पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कोणाच्या नावाने टाळ्या वाजवील. नुकसान त्या एकट्याचे आणि त्याच्या घराचे. हे चित्र कल्पनेतले आहे, पण मैदानाजवळ वावरणाऱ्या कोणालाही ते अनोळखी वाटणार नाही.

मग करावे काय? इजा होताच खेळ थांबवावा; 'जरा धावून मोकळा होईल' हा सल्ला सर्वांत घातक. मांडीला लवचीक पट्टी बांधावी, पाय उंचावर ठेवावा. बर्फ लावायचा तर थोडा वेळ, कापडात गुंडाळून, दुखणे कमी व्हावे एवढ्यापुरताच. पहिले काही दिवस शेक, मद्य आणि जोरदार मालीश ही तिन्ही टाळावीत. येथे तालमीच्या परंपरेशी थोडा विरोध येतो. थकलेल्या अंगाला मर्दन हितकर आहे, यात शंका नाही. पण ज्या ठिकाणी तंतू तुटून आत रक्त साकळत आहे, तेथे रगडल्याने रक्तस्राव वाढतो. इजेच्या क्षणी काही तुटल्याचा आवाज आला, मांडी मोठ्या भागात काळीनिळी पडली, पाय टेकवेना, किंवा पायाला बधिरपणा आला, तर मात्र घरी थांबू नये. हाडापासून कंडरा सुटली असण्याचा संभव असतो. अशा वेळी शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर व्हावा लागतो, म्हणून तज्ज्ञ डॉक्टर गाठावा.

याचा अर्थ पुढे महिनाभर खाटेवर पडून राहावे, असा नव्हे. ती दुसऱ्या टोकाची चूक आहे. डेन्मार्कमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांडी किंवा पोटरीचा स्नायू फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाने इजेनंतर दोन दिवसांनी हलका व्यायाम सुरू केला, दुसऱ्याने नऊ दिवसांनी. पुढचा सारा क्रम सारखाच होता. पहिला गट साधारण ६२ दिवसांत खेळास परतला, दुसऱ्याला ८३ दिवस लागले. एका आठवड्याच्या आळसाची किंमत तीन आठवडे! उलट नेदरलँड्समध्ये ८० खेळाडूंवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेट काढून टोचण्याचा महागडा उपचार नुसत्या मिठाच्या पाण्याच्या सुईशी ताडून पाहिला. दोन्ही गटांना सारखेच ४२ दिवस लागले. स्नायूला बळ येते ते त्याला सोसेल एवढे काम रोज थोडे थोडे दिल्याने. सुई टोचून ते येत नाही.

हे काम क्रमाने वाढवावयाचे असते. आधी वेदनेशिवाय चालणे. मग पाय न हलवता टाच जमिनीत दाबून जोर लावणे. मग पाठीवर निजून, टाचा टेकून कंबर उचलणे. मग स्नायू लांबवणारे व्यायाम. मग मंद धाव, आणि शेवटी पूर्ण वेगाची धाव. एका पायरीवर दुखले, तर एक पायरी मागे यावे. परतण्याची परवानगी तारखेने देऊ नये, कसोटीने द्यावी. इजेच्या जागी बोटाने दाबले असता दुखते का? निजून सरळ पाय वर उचलला, तर तो दुसऱ्या पायाइतका जातो का? दोन्ही पायांचा जोर सारखा आहे का? पूर्ण वेगाने, थकवा आल्यानंतरही, पुनःपुन्हा धावता येते का? आणि पाय झटक्याने वर फेकताना मनात भीती उरली आहे का? ही अखेरची कसोटी क्षुल्लक वाटेल, पण मनाची शंका बहुधा मांडीकडूनच आलेली असते. या पाचही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाल्यावर आधी संघाबरोबर पुरता सराव करावा आणि मग सामन्यात काही मिनिटे खेळावे.

याहून चांगली गोष्ट म्हणजे इजा होऊच न देणे. आणि त्याचा उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. खेळाडूने गुडघ्यांवर उभे राहायचे, सोबत्याने मागून त्याचे घोटे घट्ट दाबून धरायचे. मग कंबर न वाकवता सारे अंग हळूहळू पुढे झुकू द्यायचे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंनी जितका वेळ आवरता येईल तितका तोल आवरून, शेवटी हातांवर यायचे. पाश्चात्त्य देशांत याला नॉर्डिक व्यायाम म्हणतात. दोरी सोडता सोडता धरून ठेवण्याचे जे काम धावताना करावे लागते, त्याचीच ही तालीम. डेन्मार्कमध्ये पन्नास संघांच्या ९४२ खेळाडूंवर याची परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. हा व्यायाम केलेल्या निम्म्या संघांत १५ इजा झाल्या, उरलेल्या निम्म्या संघांत ५२. पुढच्या अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेबही हेच सांगतो, की या व्यायामाने इजा साधारण निम्म्यावर येतात. तरीसुद्धा युरोपातील बहुतेक बड्या क्लबांनी तो पुरतेपणी अंगीकारला नसल्याचे २०१५ मध्ये आढळले. ज्ञान असणे आणि ते अंगी मुरणे यांत अंतर असते, ते सर्वत्रच.

आपल्या तालमींत जोर आणि बैठका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. बैठकांनी मांडीचा पुढचा भाग पोलादासारखा होतो. मागच्या भागाला मात्र त्यातून लांबता लांबता जोर धरण्याची सवय फारशी लागत नाही. पैलवानाला ते चालून जाते, धावणाऱ्याला चालत नाही. ज्या तालमीत शंभर बैठका निघतात, तेथे आठवड्यातून दोनदा या व्यायामाच्या थोड्या आवृत्त्या निघणे अवघड नाही. पहिल्या आठवड्यात दोन दिवस मांड्या भरून येतील, त्याने घाबरू नये. थोडक्यापासून सुरुवात करून संख्या वाढवावी.

या उपायाचे मोल मला मोठे वाटते ते एका कारणाने. म्हैसूर जिल्ह्यात, कावेरीच्या खोऱ्यातील सोसलेसारख्या एखाद्या खेड्यात मुलगा शाळेच्या पटांगणावर चेंडू खेळतो, किंवा बेळगाव-कोल्हापूरकडचा तरुण दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला येतो, तेव्हा त्याच्याजवळ एमआरआयचे यंत्र नसते, की संघाचा डॉक्टर नसतो. पण घोटे धरणारा एक सोबती त्याला कोठेही मिळतो. दुखावल्यावर त्याला थांबवणारा, आणि कसोट्या उतरल्यावर त्याला मैदानात धाडणारा माणूसही बहुधा तोच असतो : त्याचा सोबती, त्याचा शिक्षक किंवा तालमीतला वडीलधारा. म्हणून हे ज्ञान डॉक्टरांपाशी जितके हवे, तितकेच या माणसांपाशी हवे. पुढच्या वेळी मांडी धरून बसलेला मुलगा चौथ्या दिवशी येऊन म्हणेल, 'आता दुखत नाही, मी खेळतो,' तेव्हा त्याला रागे न भरता एवढेच सांगावे, की दुखायचे थांबले ही चांगली खूण आहे. आता व्यायामाला सुरुवात करू, आणि खेळायचे केव्हा ते तुझी मांडी ठरवील.